हाकेची टेकडी

ही समोरची हाकेची टेकडी. झाड धरत नाही, नुसता मुरूम आणि कुसळं. अलीकडे आमचं उंबरखळगं, पलीकडे कोकऱ्यांची वस्ती, धनगरांची. माथ्यावर दगडांचा चौथरा दिसतो ना, ती सत्वाजी मास्तरांची कबर. पाहुणे विचारतात, ख्रिस्ती माणसाची कबर गावचं कबरस्थान सोडून वर कशी? आणि तिची राखण धनगरांकडे कशी? बसा इथं सावलीला, सांगतो.

पाच पिढ्यांमागची गोष्ट. सत्वाजी भांबळ या गावचे मास्तर. आठवडाभर पोरांना अक्षरं शिकवायची, रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात शुभवर्तमान वाचून दाखवायचं. आवाज असा की विहिरीवरच्या बाया म्हणे घागर कमरेवर घेऊन तशाच उभ्या राहत. त्यांचा थोरला भाऊ रत्नोजी हा मंडळीचा कारभारी. मी त्या रत्नोजीच्या वंशातला, म्हणून ही गोष्ट मला गोड करून सांगता येत नाही.

सत्वाजींचं एकच म्हणणं असे. हे वर्तमान आपल्या चाळीस घरांपुरतं नाही, सगळ्यांचं आहे. टेकडीपलीकडच्या माणसांना ते कोणी सांगायचं? रत्नोजी म्हणे, "आधी आपल्याला पुरू दे."

मग सत्वाजींच्या भुवया गळाल्या, कानाच्या पाळ्या जाड झाल्या. लोकांनी वर्षभर पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. एका रविवारी वाचताना पान उलटलं आणि बोटाच्या जखमेचं रक्त पानाला लागलं. सत्वाजींना कळलंही नाही, कारण बोटाला जाणीवच उरली नव्हती. रत्नोजी उठला. धोतराच्या सोग्यात धरून ते पुस्तक त्याने बाहेर नेलं आणि देवळाच्या अंगणात जाळलं. ज्या पुस्तकापायी, ख्रिस्ती झाले म्हणून, याच लोकांनी गावाचा मार खाल्ला होता, ते पुस्तक. कोणी त्याचा हात धरला नाही.

"महारोग आहे तुला. वर राहा," रत्नोजी भावाला म्हणाला. "खाली पाय टाकलास तर धोंडे बसतील."

टेकडीच्या पायथ्याशी एक पसरट दगड होता. त्यावर रोज एक भाकरी ठेवायची आणि ठेवणारा लांब गेल्यावर सत्वाजींनी उतरून ती उचलायची, असं ठरलं. बायको सगुणा दोन मुलींना घेऊन खाली राहिली, रत्नोजीच्याच घरात.

पहिल्याच रविवारी देवळाची घंटा झाली आणि टेकडीवरून आवाज आला. पुस्तक जळलं होतं, पण मास्तरांना सगळं तोंडपाठ. ते हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. खाली मंडळी माना घालून बसली. रत्नोजीला मात्र तो शाप वाटला. पुढच्या रविवारी त्याने प्रत्येक घरातून पितळी थाळी आणि लाकडी दांडकं मागवलं. वर आवाज सुरू झाला की खाली थाळ्या बडवायच्या.

सगुणा रिकाम्या हातांनी आली. रत्नोजी तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "तू वाजवणार नसशील तर उद्यापासून भाकरी बंद. त्याची बी, पोरींची बी."

सगुणेने थाळी घेतली. त्याने तिला सगळ्यांपुढे उभं केलं. तिची थाळी सगळ्यांत मोठी वाजली पाहिजे, असा हुकूम होता.

मास्तर एक वाक्य बोलत. थाळ्या सुरू झाल्या की थांबत. लोकांचे हात थकले की पुढचं वाक्य. असं सात वर्षं चाललं असं सांगतात. ज्या रविवारी बोलणं जास्त लांबे, त्या सोमवारी दगडावर भाकरी नसे. वर्षातून एकदा मिशनचे साहेब येत. त्यांना सांगितलं, सत्वाजी वारला. पुढे मास्तरांचे डोळे गेले, भाकरीला चाचपडत उतरावं लागे, मग घशात रोग उतरला. तरी घंटा ऐकली की ते टेकडीच्या कडेला येऊन हाक देत.

आता पलीकडची गोष्ट. वारा इकडून तिकडे वाहतो. कोकऱ्यांचा धुळाबा नावाचा म्हातारा पलीकडच्या उतारावर मेंढरं बसवायचा. त्याच्या कानावर प्रत्येक शब्द पडे. शंभरातलं एक हरवलं म्हणून नव्व्याण्णव रानात सोडून जाणाऱ्या मेंढपाळाची गोष्ट त्याने वस्तीवर सांगितली, तेव्हा भांडणच लागलं.

"खुळा हाय त्यो," त्याचा लेक म्हणाला. "नव्व्याण्णव लांडग्याच्या तोंडी दिली की!"

"आन् हरवलेलं तू असतास तर?" धुळाबा म्हणाला.

पुढच्या रविवारी लेक आला, मग बाया आल्या. रोगाच्या भयाने वर कोणी चढलं नाही. उतारावर बसून ऐकायचं आणि घरी जाऊन एकमेकांकडून म्हणून घ्यायचं. मास्तर गावाकडे तोंड करून बोलायचे, पुढे तर आंधळेच झाले, त्यामुळे पलीकडे माणसं बसतात हे त्यांना कधी दिसलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

एका उन्हाळ्यात घंटा झाली, पण हाक आली नाही. तेव्हा पहिल्यांदा धुळाबा वर चढला. मास्तर मरून दोन दिवस झाले होते. खालच्या दगडावर तीन भाकऱ्या वाळत होत्या.

धुळाबा देवळाच्या दारात येऊन म्हणाला, "तुमचा मास्तर गेला. मातीला या."

रत्नोजी म्हणाला, "तो आमचा न्हाई."

धुळाबा माघारी गेला. धनगरांनी वरच खड्डा खणला. अंत्यविधी कसा करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून सात वर्षांत जे ऐकलं तेच म्हणाले. एक वाक्य, मग थाळ्या. पुढचं वाक्य, मग थाळ्या. त्यांना वाटत होतं, थाळी हा भक्तीचाच भाग आहे.

तो आवाज देवळात आला. सगुणा उठली, थाळी तिथेच टाकून टेकडी चढली. धनगर बायांनी तिला ओळखलं नाही. कोणी नातेवाईक असेल म्हणून मानाने तिच्या हातात थाळी दिली.

सगुणा खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं. थाळ्या कशासाठी वाजत होत्या, आणि सगळ्यांत मोठी कोणाची वाजत होती.

 धुळाबा म्हणाला, "बाई, त्याला वाटलं आसंल, कुणालाच ऐकू गेलं न्हाई. आता उठ. सात वरीस वाजीवलीस तशीच वाजीव."

तिने वाजवली. तळहात फुटले तरी तिला कोणी थांबवलं नाही. मंडळी खाली उभी राहून ऐकत होती, पण कोणी वर आलं नाही.

पुढे कोकऱ्यांपैकी कोणी बाप्तिस्मा घेतला, कोणी बिरोबाचेच राहिले, पण मास्तरांचे शब्द सगळ्यांना पाठ. आजही पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या रविवारी ते टेकडीवर शुभवर्तमान म्हणतात आणि प्रत्येक वाक्याला थाळी वाजते. ती वाजवायला सगुणेच्या जागी भांबळांच्या घरची थोरली सून अनवाणी वर जाते. आधी माझी आई जायची, मग बायको जायची. यंदा सुनेला पाठवलं. शहरातले लोक तिचे फोटो काढतात, केवढा मान मिळाला म्हणून.  तिचे हात सुजून येतात, दोन दिवस भाकरी थापता येत नाही.