धोंडूआईचे बलुते

फार वर्षांपूर्वी, कोयरीच्या नदीवर पूल नव्हता तेव्हा, गावातल्या एच.आय.व्ही. झालेल्या माणसांना पलीकडच्या दवाखान्यात प्रथम नेले ते धोंडूआई भोईणीने. होडी तिची होती. ती कोणाकडून पैसे घेत नसे. सुगीला प्रत्येक खळ्यावरून सूपभर जोंधळा बलुते म्हणून मिळे, त्यावरच तिची चूल पेटे.

तिचा मुलगा म्हादू ट्रकवर होता. आपल्यालाही हाच आजार झाल्याचे कळल्यावर तो लाजेने गाव सोडून गेला, तो परतलाच नाही. होडी पलीकडे टेकली की धोंडूआई आधी दूरवर वाटेकडे पाही, असे म्हणतात.

दवाखान्यात गोळ्या फुकट मिळत. मात्र त्यांत खंड पडून चालत नसे. म्हणून ती आजारी माणसांना महिन्याच्या महिन्याला नेई.

"धोंडूआय, होडीत त्यांच्या फळीवर आमी न्हाई बसायचो," तात्या खोताने बजावले.

"नगा बसू. पवाया येतंय न्हवं?"

गाव चिडले. शिवल्याने हा आजार लागत नाही, हे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगूनही कोणी ऐकले नाही. त्या सुगीला धोंडूआईला एकाही खळ्यावरून दाणा मिळाला नाही. मासे आणि काठची भाजी खाऊन तिने दिवस काढले. होडी थांबवली नाही.

"माझ्या म्हादूला बी कुनी तरी असंच न्हेत आसल," एवढेच ती म्हणे.

पुढे महापूर आला, आणि गोळ्या संपत आल्या. सारे गाव काठावरून ओरडत असताना तिने आजाऱ्यांना बसवून होडी लोटली. असे म्हणतात, की होडीभोवतीचे पाणी परातीतल्या पाण्यासारखे निवांत झाले, आणि वाहत आलेली झाडे बाजूला सरली.

सायंकाळी होडी परतली. गोळ्या कोरड्या होत्या; वल्ह्यापाशी मात्र कोणीच नव्हते.

"परत निघताना पल्याडच्या वाटंवरनं 'आये' अशी हाक आली," आजाऱ्यांपैकी गंगू म्हणाली. "आय उतरली, आन् होडी आपली आपन निघाली."

पुढच्या सुगीला गाव खळ्यावर जमले. धोंडूआईचा वाटा आजाऱ्यांना द्यावा, असे पाटील म्हणाले.

"भीक नगं," गंगू म्हणाली. "होडी आमी चालवू. बलुतं म्हनून द्या."

आज पूल आहे, एस.टी. आहे, तरी प्रत्येक खळ्यावर धोंडूआईच्या नावाने सूप भरले जाते, आणि त्यातून आजाऱ्यांचे जेवण नि दवाखान्याचा वाटखर्च भागतो. त्या दिवशी खळ्यावर ठरले ते असे: धान्य गावाने द्यावे, होडी गंगूने आणि तिच्या सोबत्यांनी वल्हवावी, आणि एकाच फळीवर सर्वांनी बसावे. पाटलांनी होकार दिला, भोईवाड्याने दिला. सर्वांत शेवटी तात्या खोत "व्हय" म्हणाला.