ओली चाकं

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा मुलखात वाटा होत्या, रस्ते नव्हते. बैल माणसांशी बोलत असत, पण ऐकायला सवड असलेलं माणूस तेव्हाही क्वचितच भेटे.

एका मोठ्या माळाच्या कडेला घोंगडी विणणारी एक बाई राहत होती. तिचा डावा पाय लहानपणापासून अधू होता. नदीपर्यंत जाऊन येणं तिला जमे, त्यापलीकडे पाय साथ देत नसे. घरात ती आणि कवड्या नावाचा तिचा बैल, एवढीच माणसं. हो, माणसंच. कवड्याला ती बैल म्हणत नसे.

तिची धाकटी बहीण माळाच्या पलीकडच्या गावात दिली होती. लग्नाआधी दोघी एकत्र बसत. धाकटी लोकर पिंजायची, थोरली विणायची. काम संपलं की धाकटी तिची वेणी घालायची, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे. "अगं, सोड! कपाळ फाटेल माझं!" असं थोरली ओरडायची. धाकटी गेल्यापासून तिची वेणी एकदाही घट्ट बसली नव्हती. संध्याकाळ झाली की ती मागावरून उठे आणि दारात उभी राहून माळाकडे बघे. पलीकडचं गाव तिथून दिसत नसे. तरी ती बघत असे.

एके दिवशी एका मेंढपाळाने निरोप आणला. पलीकडच्या गावचं तळं आटलं होतं. येत्या पौर्णिमेला सगळं गाव बिऱ्हाडं उचलून दूर समुद्राच्या मुलखात जाणार होतं. बहिणीने सांगितलं होतं, "आक्का, त्याआधी एकदा ये. मग कुठली तू आणि कुठली मी!"

ते ऐकून विणकरणीच्या हातातला धोटा खाली पडला. माळावर सावली नव्हती, एका विहिरीपलीकडे पाणी नव्हतं. पाण्याच्या घागरी, दाणावैरण आणि तिचा अधू पाय, एवढं सगळं गाडीशिवाय पलीकडे जाणार नव्हतं. आणि गाडी तर तिच्याकडे नव्हती.

त्या वर्षी बाजारात नव्या गाड्या आल्या होत्या. पिवळ्याधमक, उंच, पितळी घुंगरांच्या. शेजारच्या कुंभाराने हौसेने एक घेतली होती, ती पहिल्याच उन्हाळ्यात तडकली. विणकरणीने त्याला विचारलं तेव्हा तो हसत म्हणाला, "बाई, माझी मडकी शाबूत राहिली आणि गाडी फुटली! अगं, कालचं झाड आज गाडी झालं. मी न भाजलेलं मडकं विकलं, तर लोक मला गावात ठेवतील का? ह्या गाड्या विकणाऱ्यांना मात्र सगळे रामराम घालतात."

मग ती गावच्या सुताराकडे गेली. त्याच्या पडवीत बाभळीचे ओंडके सावलीत वाळत होते. ओंडक्यावर थाप मारून तो म्हणाला, "पुढच्या चैत्रात ये. अशी गाडी देतो की तुझ्यानंतरही चालेल."

"पुढच्या चैत्रात माझी बहीण कुठे असेल, सुतारदादा?"

सुताराने ओंडक्यावरचा हात काढला. मग म्हणाला, "जुनी मिळते का बघ. पण मला दाखवल्याशिवाय जुंपू नकोस."

दुसऱ्याच दिवशी ती नदीकाठच्या बाजारात गेली. तिथे एक माणूस आपला छकडा पात्रात उभा करून धूत होता. चाकं अर्धी पाण्यात होती. तो ओंजळीने वरच्या आऱ्यांवर पाणी घालत होता, पोळ्याला बैल धुवावा तसा, मायेने.

विणकरीण बघतच राहिली. जो गाडीला अंघोळ घालतो, त्याने ती किती जपली असेल!

"पोटच्या पोरीसारखी सांभाळली आहे, माउली," तो म्हणाला. "रोजची अंघोळ चुकत नाही हिची."

"मग विकता कशाला?"

"वय झालं आता," तो म्हणाला आणि हसला. "माझं हो! गाडीचं नाही."

तीही हसली. तिने एकेक आरा हलवून पाहिला. एकही हलला नाही. चाकावरची लोखंडी धाव कातडीसारखी चिकटून बसली होती. हिवाळाभर विणलेली सगळी घोंगडी तिने त्याच्या पुढ्यात ठेवली आणि कवड्याला छकड्याला जुंपलं.

घरी येईपर्यंत कवड्या कान टवकारून चालत होता. अंगणात आल्यावर तो म्हणाला, "बाई, एक सांगू?"

"सांग ना."

"जुनी गाडी कुरकुरते. म्हातारी माणसं कण्हतात तशी. ही मुकी आहे. हिचं चाक पाण्याने फुगलंय. दोन-चार दिवस हिला उन्हात उभी करू. चाक वाळलं की काय ते बोलेल. तोवर सुतारही बघेल."

"दोन-चार दिवस?" विणकरणीचा आवाज चढला. "तुला काय रे! तुला वैरण मिळाली की झालं."

"पौर्णिमेला अजून अवकाश आहे, बाई. वाळवूनही आपण वेळेवर पोहोचू."

"पोहोचू रे. पण जितकं लवकर पोहोचेन, तितके दिवस ती माझ्याजवळ असेल. त्यातले चार दिवस मी ह्या चाकाला देऊ?"

 कवड्याने मान खाली घातली.

उजाडताच ती निघाली. बहिणीसाठी काळ्या लोकरीचं एक घोंगडं तेवढं तिने राखून ठेवलं होतं. ते मांडीवर घेऊन ती बसली. पहिला दिवस सुखाचा गेला. ती वाटभर बहिणीशी मनातल्या मनात बोलत होती, आणि मध्येच मोठ्याने हसतही होती.

दुसऱ्या दिवशी ऊन पेटलं. चाक वाळलं आणि बोलू लागलं. आधी हलकी कुरकुर, मग खडखड. म्हाताऱ्याचे दात हलावेत तसे आरे हलू लागले. भर दुपारी धाव घसरून खाली पडली आणि चाक पसरलं. छकडा कलंडला. घागरी फुटल्या. तापलेल्या मातीने सगळं पाणी बघता बघता पिऊन टाकलं.

विणकरीण मातीत बसली होती. तिचा चांगला पायही मुरगळला होता. कवड्या तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"बोल ना," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं, असं म्हण."

"बोलायच्या वेळी बोललो. आता पाठीवर बस. मागे अर्ध्या दिवसावर विहीर आहे."

"पुढे चल, कवड्या. तुझ्या पाया पडते. पुढे चल."

"पुढे पाणी नाही, बाई. पुढे गेलो तर तुझ्या बहिणीला तुझा फक्त निरोप पोहोचेल."

ती एकदा पुढे बघे, एकदा मागे. शेवटी तिने डोळे मिटले आणि त्याच्या पाठीवर बसली. कवड्या मागे वळला.

विहिरीपाशी तिचे दोन्ही पाय सुजले. तिथल्या धनगरांच्या पालात ती पडून राहिली. एका संध्याकाळी माळाच्या कडेवर मोठा पिवळा चंद्र आला. तो पौर्णिमेचा होता. त्याच्याकडे पाठ करून तिने काळं घोंगडं डोक्यावर ओढून घेतलं.

पुढे ती घरी परतल्यावर तोच मेंढपाळ तिच्या दारावरून गेला. तो म्हणाला, "सगळ्या गाड्या गेल्या, तरी तुझी बहीण वेशीवर उभी होती. नवरा हाका मारून दमला. शेवटी निघाली, तेव्हा वाटेच्या बाजूला भरलेला माठ ठेवून गेली. म्हणाली, आक्का येईल तेव्हा तहानलेली असेल."

वर्ष गेलं. चैत्र आला. सुताराने नवी गाडी दारात आणून उभी केली. लाकूड सावलीत वर्षभर मुरलेलं, कोरडं, खणखणीत.

"घे," तो हौसेने म्हणाला. "उन्हात ठेव, पावसात ठेव, हलायची नाही. पहिली कुठे नेतेस?"

विणकरीण चाकावरून हात फिरवत राहिली. मग तिने माळाकडे पाहिलं.

गाडी भक्कम होती. जायला गाव उरलं नव्हतं.

म्हणून लहानथोरांनो, जी वस्तू मनाला सर्वांत घाईने हवी असते, तीच सर्वांत सावकाश पारखून घ्यावी. कारण ओढ लागलेल्या डोळ्यांना भेग दिसत नाही.