न पिळलेलं फडकं

भांडीकुंडी माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी सोनाक्का चहा विकायची. आल्याचा, वेलदोड्याचा, सुंठेचा, गवती चहाचा, जो मागाल तो. गाळायला मात्र एकच मलमलीचं फडकं होतं. प्रत्येक चहानंतर ती ते धुऊन पिळायची.

फडक्याला ते सहन होईना. आलं अंगात मुरतंय तोवर पाण्यात बुडायचं, वेलदोडा ओळखीचा होतोय तोवर पीळ बसायचा. एक दिवस ते म्हणालं, "अक्का, मला आता पिळू नकोस. मला सगळे चहा एकदम हवेत."

सोनाक्काचे हात दुखतच होते. तिने ऐकलं.

दोन दिवस फडकं मजेत होतं. तिसऱ्या दिवशी त्याची चुळबुळ पुन्हा सुरू झाली. आलं कुठलं नि सुंठ कुठली, काहीच उमगेना. जरा वेळ धरून ठेवलं तर कळेल, म्हणून ते प्रत्येक चहा अडवू लागलं. चहा थेंबाथेंबाने पडायचा आणि गिऱ्हाइकं ताटकळायची.

रोज गवती चहा घेणारे दामूतात्या एका घोटावरच थांबले. "सोनाक्का, हा कशाचा चहा?"

तिने फडक्याकडे पाहिलं. "सांग बरं, आत्ता काय गाळलंस?"

फडक्याला सांगता येईना. तात्यांनी कप तसाच ठेवला आणि ते उठून घाटाकडे चालू लागले.

ते वळणाआड गेल्यावर फडकं म्हणालं, "अक्का, तांब्याभर पाणी घे. आणि घट्ट पीळ."