गोजराची काच

कुसळगावच्या टेकावर, खडकातल्या कोनाड्यात एक गोल काच बसवलेली आहे. बघा, पण हात लावू नका. कुंकू तर अजिबात नको. ही जिनगराच्या गोजराची काच.

तिचा नवरा दगडू फोटो काढायचा. त्याच्या कॅमेऱ्याचं भिंग विलायतेचं. ते बनवणारी तिथली कंपनी म्हणे आधी चष्म्याच्या काचा घासायची, मग कॅमेऱ्याची भिंगं, आणि पहिली मोठी लढाई लागली तशी तोफांच्या दुर्बिणी. दगडूनं पंचक्रोशीतल्या लग्नांचे फोटो काढले. पोटच्या ठकूचा मात्र एक नाही. आज काढू, उद्या काढू. पुरुषांचं असंच असतं.

मानमोडीच्या, त्या जीवघेण्या तापाच्या साथीचं साल होतं. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, म्हणून गोजरानं भिंगाला तेलाचं बोट लावून हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी ठकूचा फोटो काढायचा एकदाचा ठरला होता, म्हणून सांजेला तिनं काच लख्ख करायला घेतली. कंदिलाची काच घासतात तशीच, चुलीतल्या राखेनं.

दसऱ्याला ठकू नवं परकर-पोलकं घालून बसली. अंगात कणकण होती तरी हसली, असं सांगतात. दगडूला कॅमेऱ्यातून धूसर दिसलं, पण त्यालाही ताप चढलेला. त्याला वाटलं, आपलेच डोळे जड झालेत. तिसऱ्या दिवशी ठकू गेली. फोटो धुतला तर परकराचा घेर तेवढा ओळखू येत होता. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.

गोजरा रडली नाही. नवऱ्याला म्हणाली, "पोर काचेतच अडकलीय. त्या कंपनीला लिहा, चेहरा तेवढा काढून पाठवा."

दगडूनं हो म्हटलं आणि लिहिलं एवढंच, की भिंग दुरुस्त करा. तिला खरं सांगायची त्याची छाती झाली नाही.

लढाई संपली. वर्षानं पार्सल आलं. कंपनीनं इमानानं काम केलं होतं, राखेचे चरे काढून काच नव्यानं घासलेली, पाण्यासारखी स्वच्छ. गोजरानं ती उन्हात धरली, उलटीसुलटी करून बघितली.

"मी सांगितलं ते लिहिलंच नाही तुम्ही," ती म्हणाली. "एकदा मी घासली तिला. उरलीसुरली तुम्ही घासायला लावली."

तशीच उठली आणि काच इथं आणून बसवली. दगडूनं पुन्हा कॅमेरा उघडला नाही म्हणे.

आजही कुसळगावात खंडेनवमीला आधी घरातल्या लेकींचा फोटो काढतात, तापानं निजलेली असली तरी उठवून बसवून. मग कॅमेऱ्याला, मोबाइलला कुंकू, तेही पाठीकडून. आणि ही काच कुणी पुसत नाही. धूळ बसून बसून ती पुन्हा धूसर झालीय. तशीच राहू देतात.