चिंचखोरीचे सात पाठमोरे

या, मंडळी, असे सावलीला या. आणि ती काठीला लावलेली मोबाइलची करामत आधी आत ठेवा. का, ते सांगतो.

समोर कातळाला टेकून सात शिळा उभ्या दिसतात ना? वीरगळ तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. गावोगावचे वीर रस्त्याकडे तोंड करून उभे असतात, घोडा, तलवार, वर चंद्रसूर्य, सगळे कोरलेले. आमच्या चिंचखोरीच्या या सातांनी मात्र तुमच्याकडे पाठ केली आहे. तोंडे कातळाकडे. मधे जेमतेम हात जाईल एवढी फट. शेवटच्या शिळेच्या पाठीवर कुंकवाची दोन बोटे आहेत, शेजारी शेजारी. ती दोन का, हे लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याशी काम आहे.

फार जुनी गोष्ट. किती जुनी, ते विचारू नका, मला नाही ठाऊक आणि ज्याला ठाऊक आहे म्हणतो तोही थापा मारतो. त्या काळी या गावात खोळकरी म्हणून एक मंडळ होते. घोंगडीची खोळ डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढायची, एक शब्द बोलायचा नाही, आणि आपण कोण हे बायकोलाही सांगायचे नाही, अशी त्यांची शपथ. ते सात होते, असे सांगतात. सातही जण वेगवेगळ्या जातींचे, आणि वरच्या लेण्यात बसून एका मडक्यातले पाणी प्यायचे. त्या काळात हे उघडे पडते तर सात घरे वाळीत गेली असती, सातांचे जीव गेले असते ते वेगळेच. म्हणून ती खोळ.

गावाला यातले काही माहीत नव्हते. आणि माहीत नसले म्हणजे माणूस गप्प बसतो थोडाच? लेण्यात नरबळी देतात म्हणे, कवटीतून पितात म्हणे, बाळंतिणीवर त्यांची सावली पडली तर दूध आटते म्हणे. दिवसभर त्यांच्या नावाने बोटे मोडायची आणि पहाटे दाराशी पायलीभर जोंधळे दिसले की इकडेतिकडे बघून गुपचूप आत घ्यायचे. बेवारशी मढे कोण जाळून गेले, विधवेचे पडके छप्पर कोणी शाकारले, कोणी विचारत नसे. खाल्ल्या घरचे वासे मोजण्यात आमचे गाव पहिल्यापासून पटाईत. आणि गंमत अशी की प्रत्येक घराला वाटे, हे आपल्या एकट्याच्याच दाराशी येते. त्यामुळे जो तो लाजून गप्प, आणि आपल्यावर संशय नको म्हणून चारचौघांत जरा जास्तच शिव्या देणारा.

मग एका चैत्रात पटकी आली. माणसे सकाळी उलटीला बसत आणि दिवस मावळायच्या आत जात. अर्धे गाव घरे सोडून शिवारात खोपटी घालून राहिले. अकरा बाप्ये आधीच बाहेरगावी होते, कोणी बैल घेऊन कोकणात मिठाला, कोणी कापड विकायला. त्यांतला एक सगुणेचा नवरा. सगुणा घरी एकटी, पदराखाली पाच महिन्यांचे लेकरू.

तिला पटकी झाली तेव्हा शेजारणीने दाराला बाहेरून कडी घातली. कडी काढली ती एका खोळकऱ्याने. तीन दिवस त्याने तिचे डोके मांडीवर घेऊन तिला पेज पाजली, लेकराला शेळीचे दूध घातले. तिला तोंड दिसले नाही, पण हात दिसला. नवऱ्याचा नव्हता. त्या हातावर एक खूण होती, म्हणे. कसली, ते तिने मरेपर्यंत सांगितले नाही.

ती उठून बसली त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी बायका झऱ्यावर गेल्या, तर खोळ घेतलेली माणसे टोपलीतून पाण्यात पांढरे काहीतरी ओतत होती. बायकांनी हंडे टाकून बोंब मारली. “इख घातलं! पान्यात इख घातलं!” बस्स. गावाला हवे होते ते मिळाले. इतके दिवस कोण मारतेय ते दिसत नव्हते, आता दिसले. काठ्या, कोयते निघाले. खोळकरी पळाले ते डोंगर चढून त्यांच्या लेण्यात शिरले. लेण्याला तोंड एकच.

पुढे होते रायाजी पाटील. माणूस वाईट नव्हता, पण आठ दिवसांत सव्वीस चिता पाहिलेला होता. त्यांनी लेण्याच्या तोंडाशी ओला पाला रचून पेटवला आणि गरजले, “खोळा काडा, भाईर या! न्हाईतर आतच मरा!” धूर आत गेला. खोकल्याचे आवाज आले. शब्द एकही आला नाही.

तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, सगुणेच्या घरात खोळकरी शिरलेला पाहिलाय, तिला विचारा. एक जरी नाव कळले तरी त्याला चाबकाखाली घेऊन बाकीची सहा काढता येतील. सगुणेला आणले. अंगात त्राण नाही, काखेत लेकरू, ऐन दुपारचे ऊन. पाटील म्हणाले, “नाव सांग. न्हाई सांगितलंस तर आजपासनं तू वाळीत. पानी, इस्तू, काय मिळायचं न्हाई.” पटकीच्या दिवसांत पाणी बंद म्हणजे काय, ते समजा. लेकरू दोन दिवस टिकले नसते.

सगुणेने धुराकडे पाहिले. म्हणाली, “आदी पाला बाजूला सारा. मग सांगते. त्याच्या हातावरची खून ठाव हाय मला.”

पाला ओढला. गाव पुढे सरकले.

“सांगते,” ती म्हणाली, “पर ज्याच्या घरात ह्यांच्या हातचं कायबी आलं न्हाई, त्यानंच ऐकायला हितं तोंड करून उभं ऱ्हावं. बाकीच्यांनी पाठ फिरवा. देव बघतोय.” आणि ती स्वतः लेण्याकडे पाठ करून उभी राहिली.

कोणी हलेना. कोयते तसेच वर. मग म्हणे एका म्हातारीने पाठ फिरवली. तिचा नातू शेजारी चपापला, पण दाराशी आलेले जोंधळे त्यानेही खाल्ले होते. तोही फिरला. मग त्या कडीवाल्या शेजारणीने. मग कासाराने, सुताराने, जोशीबुवांनी. एकेक जण वळताना दुसऱ्याकडे बघत होता. अरे, तुझ्याकडेही? शेवटी सगळ्या गावाची पाठ लेण्याकडे, आणि एकटे रायाजी पाटील तोंड करून उभे.

पाटलांची आई पाचच दिवसांपूर्वी गेली होती. तिला खांदा द्यायला घरचा एकही पुढे आला नव्हता. मढे मात्र सरणावर पोचले होते. पाटलांनी गावात सांगितले होते, माझ्या गड्यांनी नेले. त्यांच्या हातातली काठी खाली आली, आणि तेही फिरले.

मागून पावले वाजली. गावाच्या पाठीमागून, अगदी जवळून, खोकला दाबत एकेक जण गेला. कोणी मान वळवली नाही. सगुणा मोजत होती. सहा.

ती थांबली. सातवा येईना.

पावले डोंगरापलीकडे विरल्यावर गाव आत गेले. मडक्याशेजारी सातवा पडला होता, खोळ हनुवटीपर्यंत, हातही घोंगडीच्या आत, आणि अंगात जीव नव्हता. पटकीने गेला की धुराने, ते कोण सांगणार? शेजारी टोपली होती. पाटलांनी बोट घालून जिभेला लावले. चुना. पाणी निवळावे म्हणून झऱ्यात ओततात तो साधा कळीचा चुना.

पाटील खाली बसले. खोळ वर करायला त्यांनी हात घातला, तसा सगुणेने तो धरला. बाईने पाटलाचा हात धरायचा, तेव्हा! गावात असलेला प्रत्येक बाप्या बाहेर उभा होता, म्हणजे बाहेरगावी गेलेल्या त्या अकरांपैकी कोणीही असू शकत होता तो. तिचा नवरासुद्धा.

“पाटील, त्यानं सबूद पाळला. आपन धूर केला. आता निदान तोंड तरी झाकल्यालं ऱ्हाऊ द्या.”

खोळ उघडली नाही. जात कळेना, म्हणून सगळ्या जातींनी आळीपाळीने खांदा दिला. या गावात असे त्याआधी कधी झाले नव्हते.

मृगाच्या आत अकरांपैकी नऊ परत आले. त्यांतले सहा कोणते, गावाने विचारले नाही. दोघे आलेच नाहीत. एक सगुणेचा नवरा, दुसरा वेशीबाहेरच्या कोंडाबाईचा. ते वाटेत पटकीने गेले, की दोघांतला एक इथे? दोघींनी आयुष्यभर कुंकू पुसले नाही आणि नवरा येईल असेही कधी म्हटले नाही. पुढे गावाने सातांच्या सात शिळा उभ्या केल्या, कोणाचे तोंड कोणी बघू नये म्हणून कातळाकडे वळवून, तेव्हा दोघी एकदम पुढे झाल्या आणि एकाच दगडाच्या पाठीला दोघींनी एकेक बोट लावले. त्या काळी एकीची सावली दुसरीला चालत नव्हती, मंडळी.

सगुणेच्या काखेतले ते लेकरू, त्याच्या वंशातला मी. आमचा मूळपुरुष या दगडाखाली आहे की कोकणाच्या वाटेवर कुठे, ते आमच्या घराला आजतागायत कळलेले नाही. पाथरवटाने कातळाकडच्या बाजूला तोंडे कोरली आहेत म्हणतात. मागच्या वर्षी एक साहेब आरसा घेऊन आले होते फटीत घालायला. मी त्यांना चहा पाजला आणि गाडीत बसवून दिले. माझे वय अठ्ठ्याहत्तर. हात जाईल एवढी फट आहे, आणि लहानपणापासून रोज इथे येतो. खोटे कशाला बोलू, दोनदा हात फटीपर्यंत नेला होता. आत घातला नाही.

आजही चैत्र वद्य नवमीला भर दुपारी सगळी चिंचखोरी इथे येते आणि शिळांकडे पाठ करून उभी राहते. पंचायतीचे सरपंच, शाळेची पोरे, सगळे. त्या वेळात कोणी कोणाच्या दाराशी काय ठेवून येते, ते बघायचे नसते. मग आमच्या घरची एक सून आणि कोंडाबाईच्या घरची एक सून हात धरून पुढे जातात, आणि सातव्याच्या पाठीला एकेक बोट लावतात.