आजोळ विसरायला लावणारा डंका

एका राज्यात उग्रधवल नावाचा राजा होता. राज्याच्या कडेने नदी आणि नदीपल्याड अमोघसेनाचं राज्य. तिथली रीतच अशी, की अल्याडच्यांनी सून आणायची ती पल्याडची आणि पल्याडच्यांनी अल्याडची. त्यामुळे ज्याचं त्याचं आजोळ नदीपलीकडे! राजे भांडत, नाही असं नाही. पण लढायचे ते भाडोत्री शिपाई, आणि शेतकरी बांधावर भाकरी खात मजा बघायचे. हा राजा जिंको नाहीतर तो, गुरं संध्याकाळी वेळेवर घरी यायची.

हे सुख कालदंत मांत्रिकाला बघवेना. त्याने जुळे डंके घडवले, एक इकडे दिला, दुसरा गुपचूप तिकडे.

"महाराज, भाडोत्री शिपाई कशाला? हा डंका वाजवा. सारी रयत सैन्य होईल."

राजाने टिपरू उचललं आणि धडाडधूम! डंका कानी पडला की माणूस आपलं आजोळ साफ विसरे, आणि सासुरवाडही. कोष्ट्याने माग सोडला, कुंभाराने चाक सोडलं, भट आणि न्हावी गळ्यात गळे घालून ओरडू लागले, "आम्ही सारे एक!" ऐकायला किती गोड, नाही का? पण त्याच दमात ओरडत होते, "पलीकडच्यांना कापा!" आणि पल्याडही अगदी हेच चाललं होतं.

तुंगा कोष्टीण घरात आली तर तिचा नवरा हिरोजी भाल्याला धार लावतोय.

"कुणासाठी हे?"

"पलीकडच्यांसाठी."

"अहो, पलीकडे माझा भाऊ आहे. सखदेव! गेल्या महिन्यात त्याच्या ताटात जेवलात तुम्ही."

"कोण सखदेव?" असं म्हणाला हो तो!

तिला मात्र सारं लख्ख आठवत होतं. कारण कालदंत पडला सडाफटिंग. त्याने आजोळाचा, सासुरवाडीचा बंदोबस्त केला, पण बायकांना माहेर असतं हे त्याच्या टाळक्यातच आलं नाही. माहेर विसरायला लावील असा डंका अजून घडायचाय!

आढ्यावरची साळुंकी बोलली, "बाई, त्या डंक्यावर हात ठेवून कुणी खोटं बोललं तर तो फुटतो. तू राजाकडे तीन गोष्टी माग. डंक्याच्या धन्याला नाही म्हणता येत नाही. पण मागितलेलं मिळालं, की मागणारी दगड होत जाते. पहिल्याला गुडघे, दुसऱ्याला कंबर, तिसऱ्याला काळीज."

"एकीकडे माझं कुंकू, एकीकडे पाठचा भाऊ," तुंगा म्हणाली. "दगडच व्हायचं तर भांडून होईन."

ती धावत नदीवर गेली. दोन्ही काठांवर भालेच भाले! राजा डंक्यापाशी उभा, शेजारी कालदंत. ती राजासमोर उभी राहिली.

"महाराज, या नदीचं फक्त आपल्या काठाचं पाणी मला घागरभर द्या."

कालदंताने मंत्र फुंकला. नदी उभी चिरली, मधे कोरडी वाट पडली, अलीकडच्या धारेतून घागर भरून आली. तुंगा गुडघ्यापर्यंत दगड झाली.

"महाराज, पल्याड कधी न गेलेला वारा द्या."

कालदंताने शिवारावरचा नुकता जन्मलेला वारा मुठीत धरला आणि पिशवीत बांधून दिला. तुंगा कमरेपर्यंत दगड! सैन्याने जयजयकार केला. हिरोजीनेही केला. तो आवाज तिने बरोबर ओळखला, आणि तिला रडूच फुटलं. पण मागे हटायला पाय होते कुठे?

"महाराज, आता एक माणूस द्या. ज्याचं आजोळ पलीकडे नाही असा. त्याने डंक्यावर हात ठेवून तसं सांगावं."

कालदंत घाईघाईने चिखलाचा बाहुला वळू लागला. ते पाहून राजा लालबुंद झाला.

"मातीचा बाहुला? माझ्या राज्यात माणसं नाहीत? मी आहे!"

"महाराज, नको! थांबा!" कालदंत किंचाळत धावला. पण राजाचा हात डंक्यावर पडलाही होता.

"माझं आजोळ पलीकडे नाही!"

फाट! इकडचा डंका फुटला, फाट! तिकडचाही फुटला. कालदंताचा डोमकावळा झाला आणि उडून गेला. नदी मिटली. तुंगेच्या अंगावरचा दगड खपल्यांसारखा गळून पडला.

"तुंगे," हिरोजी म्हणाला, "अगं, सखदेवाला मारायला निघालो होतो मी!" तुंगेने त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला, आणि मग त्यालाच मिठी मारून रडली.

आणि उग्रधवल? तो गळाभर पाण्यातून वाट काढत पैलतीरी पोचला. समोर अमोघसेन उभा. उग्रधवलाच्या आईचा सख्खा भाऊ, त्याचा मामा!

"काय रे उग्र्या," अमोघसेन म्हणाला, "आजोळी येताना भाला आणतात का?"

"चुकलो, मामा," राजा म्हणाला. "पण तुमच्याही हातात आहे."

अमोघसेनाने आपल्या हाताकडे पाहिलं. मग मामा-भाच्याने आपापले भाले नदीत टाकले. त्यामागोमाग दोन्ही काठांवरून असे भाले पडले, असे पडले, की नदी तीन दिवस तुंबून राहिली, आणि चौथ्या दिवशी माणसं त्या भाल्यांवरून चालत आपापल्या आजोळी जेवायला गेली.