चार जिन्यांची किंमत

सोसायटीच्या निवडणुकीत आमच्या चौथ्या मजल्याच्या पेडणेकरबाई हरल्या. उरलेल्या दोघांना सारखीच मतं पडली, म्हणून रविवारी फेरमतदान ठरलं. लिफ्ट आठ महिने बंद, त्यामुळे गुडघे धरलेल्या द्वारकाकाकू घरातच अडकलेल्या. त्या दोघांतले एक, मावळते अध्यक्ष धारणेसाहेब, धापा टाकत त्यांच्या दारात आले. मी आपली समोरचं दार किलकिलं करून उभी.

"काकू, तुमची बाई पडली. हरलेल्यांच्या मतांना आता काय किंमत? मुकाट्याने मला द्या."

"किंमत नाही, तर चार जिने कशाला चढलात?" काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "मजल्याचं ठरलंय, साहेब. दोघांपैकी जो आधी लिफ्टने वर येईल, मतं त्याची."

शनिवारी लिफ्ट चालू झाली. दार उघडलं, तर आत दोघेही!

काकू पिशवी घेऊन आत शिरल्या. "आधी मला खाली न्या. मतं कुणाला, ते भाजी घेऊन वर येताना सांगते."